सुप्याचे कर्जरोखे आणि शेअर बाजाराची दीडशे वर्षं

2025 च्या 9 जुलैला मुंबई शेअर बाजाराला 150 वर्षं पूर्ण झाली. टाऊन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली उभं राहून सौदे करणाऱ्या दलालांची गोष्ट पुन्हा एकदा सगळीकडे वाचायला मिळाली, आणि ती गोष्ट चांगलीच आहे. पण 1875 सालातलीच अजून एक तारीख आहे, 12 मे. मुंबईत दलालांनी आपली संघटना बांधली त्याच्या जेमतेम दोन महिने आधी, आजच्या बारामती तालुक्यातल्या सुप्याला आसपासच्या गावांतले शेतकरी जमले, सावकारांच्या दुकानांवर गेले, वह्या आणि कर्जरोखे मागितले, जे देईनात त्यांच्याकडून ओढून काढले आणि जाळून टाकले. मग ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत गावोगाव पसरलं. शाळेत आपण याला दख्खनचे दंगे म्हणून चार ओळीत शिकलो. त्यालाही दीडशे वर्षं झाली, त्याच्यावर कुठे काही आलेलं मला तरी दिसलं नाही.

मला ह्या दोन तारखा वेगळ्या वाटत नाहीत. दोन्हींच्या मागे दहा वर्षांपूर्वीची एकच तेजी आहे, 1861 ते 1865 ची कापसाची, आणि ती कशी फुगली, कशी फुटली आणि शेवटी कोणाच्या अंगावर आली हे नीट बघितलं तर आज चाललंय त्याबद्दल बरंच कळतं.

बाजार कोसळला की आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं, लोक हावरट झाले, अति तिथे माती. मला हे उत्तर कधीच पटलेलं नाही. हाव तर कायम असते ना, ती 1855 ला होती, 1985 ला होती, उद्याही असेल, मग फुगा काही ठराविक वर्षांतच का फुगतो? हाव माणसाला बाजारापर्यंत घेऊन जाते पण आत गेल्यावर खेळायला पैसे लागतात, आणि खिशातले संपले की गप्प बसावं लागतं. जेव्हा लाखो माणसं एकदम गप्प बसेनाशी होतात तेव्हा समजायचं की कोणीतरी उधार देतंय. म्हणून माझ्या मते विचारायचे प्रश्न तीन आहेत, पैसे कोणी दिले, कशाच्या तारणावर दिले, आणि बुडाल्यावर ते कोणाकडून वसूल झाले.

आता 1861. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा कापूस आटला. तोपर्यंत इंग्लंडच्या कापसातला जवळपास तीन चतुर्थांश अमेरिकेतून यायचा. मग सगळ्यांची नजर मुंबईकडे वळली. वऱ्हाड, खानदेश, गुजरात, धारवाड इकडचा कापूस बंदरावर यायला लागला आणि भाव असे चढले की लोकांनी गाद्यांमधला जुना कापूस काढून विकल्याच्या गोष्टी सांगतात. त्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या भावापेक्षा 8 कोटी पौंडांच्या आसपास जास्त मिळाले असा तेव्हाचा अंदाज आहे. हा पैसा खरा होता, माल देऊन मिळवलेला होता, त्यात खोटं काहीच नव्हतं. बहुतेक फुग्यांची सुरुवात अशी खरीच असते, म्हणून तर पहिल्या वर्षी सावध करणारा माणूस मूर्ख ठरतो.

पण कापसाचा पैसा पडून राहिला नाही, त्याच्यावर कंपन्या निघायला लागल्या. 1855 मध्ये शहरात सगळ्या प्रकारच्या मिळून दहाएक कंपन्या असतील, 1 जानेवारी 1865 ला मोजदाद केली तर 31 बँका, 16 फायनान्शियल असोसिएशन, 8 जमीन कंपन्या, 20 विमा कंपन्या आणि वर अजून बऱ्याच! सगळ्यात मोठं नाव बॅक बे रेक्लमेशन कंपनीचं, समुद्र हटवून जमीन करायची योजना. 5,000 रुपये भरलेला तिचा शेअर 50,000 पर्यंत गेला. जमीन अजून समुद्राखालीच होती.

आणि इथे माझा पहिला प्रश्न येतो, पैसे कोणी दिले. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचे शेअर असलेली बँक, 1840 ची, तिच्यावर आधी कडक नियम होते, कशाच्या तारणावर कर्ज द्यायचं ते ठरलेलं होतं. 1863 मध्ये कायदा बदलला आणि कंपन्यांच्या शेअरवर कर्ज द्यायची मोकळीक मिळाली. तेव्हा मुंबईच्या बाजारात प्रेमचंद रायचंद या बड्या दलालांचा शब्द चालायचा, आणि बँकेची कर्जंसुद्धा त्यांच्या शब्दावर जायला लागली हे नंतरच्या चौकशीत समोर आलं. लोक प्रेमचंदांना खलनायक करतात किंवा थेट दानशूर महापुरुष करतात, मला त्या वादात रस नाहीये. माझा मुद्दा असा की नियम बदलला नसता तर त्यांच्या हातात एवढा पैसा आलाच नसता.

शेअरवर कर्ज यात एवढं वाईट काय, घरावर कर्ज देतात, सोन्यावर देतात, मग शेअरवर का नको, असं कोणी म्हणेल. साधा हिशोब करून बघू. तुमच्याकडे 1 लाखाचे शेअर आहेत, बँक त्याच्या निम्मं कर्ज देते, म्हणजे 50 हजार, त्याचे तुम्ही अजून शेअर घेतले. आता दीड लाखाचे झाले. भाव दुप्पट झाला, शेअर 3 लाखांचे, बँक म्हणते आता तुम्हाला दीड लाखापर्यंत कर्ज बसतं, 50 हजार आधीचं आहे, अजून 1 लाख घ्या. घेतलं, त्याचेही शेअर घेतले. 4 लाखांचे शेअर, दीड लाख कर्ज, तुम्ही श्रीमंत. आता भाव शिखरावरून 65 टक्के पडला. तुमचे शेअर 1 लाख 40 हजारांचे, कर्ज दीड लाखाचं, म्हणजे सगळं विकूनही 10 हजार अंगावर. हेच कर्ज न घेता बसला असतात तर 1 लाखाचे 2 होऊन 70 हजार झाले असते, वाईट वाटलं असतं पण झोप लागली असती. आणि मधे अजून एक गोष्ट होते, 65 टक्के पडायच्या खूप आधी बँक पैसे मागायला लागते, म्हणून तुम्ही विकता, तुमच्यासारखे हजारो विकतात, त्यामुळे भाव अजून पडतो, मग बँक अजून मागते. घराच्या किंवा सोन्याच्या कर्जातही हे होऊ शकतं पण शेअरमध्ये कर्जानेच भाव चढतो आणि चढलेल्या भावावर परत कर्ज मिळतं, हे चाक फार वेगाने फिरतं, चढताना आणि उतरताना दोन्हीकडे.

त्यात मुंबईत मुदतीचे सौदे होते. आज सौदा करायचा, पैसे आणि शेअरची देवाणघेवाण 1 जुलै 1865 ला. बऱ्याच जणांनी हातात पैसे नसताना लाखोंचे सौदे केले, मधेच चढ्या भावात विकून मोकळं होऊ या हिशोबाने. 9 एप्रिल 1865 ला अमेरिकेत दक्षिणेचा सेनापती जनरल लीने शरणागती पत्करली, युद्ध संपल्यात जमा झालं, ते कळलं तसा कापसाचा भाव कोसळला, आणि 1 जुलै उजाडला तेव्हा ज्याने द्यायचे त्याच्याकडे नव्हते आणि ज्याला मिळायचे त्याने ते आधीच पुढे देऊन टाकलेले होते. एकामागून एक पेढ्या बुडाल्या. बॅक बेचा 50,000 चा शेअर दोनेक हजारांवर आला, बँक ऑफ बॉम्बेचा 2,850 ला पोचलेला शेअर 87 ला. बँक पुढे 1868 मध्ये गुंडाळावी लागली आणि त्याच नावाची नवी बँक काढली, जी पुढे इम्पीरियल बँकेत आणि तिथून स्टेट बँकेत गेली. चौकशी आयोगाने बुडण्याची कारणं दिली त्यात 1863 च्या कायद्याने बंधनं काढली हे एक मुख्य कारण, आणि अधिकाऱ्यांनी अधिकाराचा गैरवापर केला, संचालक झोपले होते ही बाकीची. लोक हावरट झाले एवढ्यावर त्या आयोगाने भागवलं नाही.

शहराची लोकसंख्या 1864 च्या मोजणीत 8,16,562 होती, 1872 मध्ये 6,44,405. पावणेदोन लाख माणसं कमी झाली. दोन्ही मोजण्या अगदी एकसारख्या पद्धतीने झाल्या नसतील, तरी काम शोधत आलेले हमाल, गवंडी, मजूर परत गेले हे त्यात दिसतंच. ही माणसं कोणत्याही कंपनीचे भागधारक नव्हती.

आता सुपे. इथे मला जरा सावकाश जायचंय कारण हा भाग नेहमी सुटतो. पुणे-नगरचा हा पट्टा दुष्काळी, ज्वारी-बाजरीचा, कापसाचा मोठा मुलूख नव्हे. तरी तेजी तिथेही पोचली होती, धान्याचे भाव वाढले, रेल्वेची कामं जोरात होती, बैलगाड्यांना भाडं चांगलं मिळायचं, मजुरी वाढली. मुंबईचे व्यापारी गावच्या सावकारांना पैसे पुरवत होते आणि सावकार शेतकऱ्याला सढळ हाताने देत होते, कापूस पिकणाऱ्या भागात तर पेरणीच्या आधीच उचल मिळायची. म्हणजे शहरात बँक शेअरवर कर्ज देत होती आणि गावात सावकार चढलेल्या भावाच्या भरवशावर कर्ज देत होता, दोन्हीकडे माणसाला वाटत होतं भाव असाच राहणार. मग 1865 नंतर भाव उतरले, वरून येणारा पैसा आटला, सावकाराने हात आखडता घेतला आणि जुनी येणी मागायला लागला. नेमकं त्याच वेळी, 1867 पासून सरकारने जमीन महसुलाची फेरआकारणी सुरू केली, आणि ती केली तेजीच्या काळातली भरभराट डोळ्यासमोर ठेवून, त्यामुळे कित्येक ठिकाणी आकारणी 50 टक्क्यांहून जास्त वाढली. भाव खाली आणि सारा वर. त्यात रोख्यावर तीन वर्षांच्या आतच दावा करता येईल अशा मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी रोखा नव्याने लिहायचा, राहिलेलं व्याज मुद्दलात घालून, वाचता न येणाऱ्या माणसाने अंगठा द्यायचा. कर्जाचा आकडा वाढत गेला आणि शेवटी जमीन सावकाराच्या नावावर. 1875 ला सुप्यात लोकांनी माणसं मारली नाहीत, कागद जाळले, कारण त्यांना बरोबर माहिती होतं की आपला गळा कशाने आवळलाय. 1879 मध्ये सरकारला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला, कोर्टाने कर्जाच्या मुळाशी जाऊन मुद्दल किती आणि व्याज किती ते तपासायचं अशी त्यात सोय होती. तोवर 1876 ते 78 चा दुष्काळ येऊन गेला होता आणि बरीच माणसं त्या कायद्याच्या पलीकडे गेली होती.

आता यावर एक चांगला आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. लोक म्हणतात त्या तेजीनेच मुंबई उभी केली. राजाबाई टॉवर प्रेमचंदांच्या देणगीतून झाला, कुलाब्याच्या बाजूची भरणी झाली, शहर नव्याने उभं राहायला जी उमेद लागते ती तिथून आली. मी टॉवरखालून जाताना वर बघतोच, सुंदर आहे तो. आणि धोका पत्करल्याशिवाय काही नवं उभं राहत नाही हेही मान्य. पण टॉवरची देणगी कापसाच्या आणि दलालीच्या कमाईतून दिलेली, ती चालेल, ज्याने कमावलं त्याने दिलं. बँक ऑफ बॉम्बेत ठेवीदार आणि सरकार यांचा पैसा होता, तो सट्ट्यात जायला नको होता, आणि तो गेला नसता तरी टॉवर उभा राहिलाच असता. स्वतःचे पैसे लावून कोणी बुडाला तर तो त्याचा प्रश्न, माझ्या काळजीचा विषय तिथून सुरू होतो जिथे न खेळलेल्या माणसाकडून वसुली होते.

हेच पुढे परत परत दिसतं. 1992 चं प्रकरण सगळ्यांना शेअर दलाल हर्षद मेहताच्या नावाने माहिती आहे, गाड्या, सी-फेसिंग घर वगैरे. पण जानेवारीत 2,000 च्या घरात असलेला सेन्सेक्स एप्रिलमध्ये 4,467 ला गेला तो कोणाच्या पैशावर? बँकांच्या. सरकारी रोख्यांच्या व्यवहारात बँक रिसीट नावाचा कागद चालायचा, त्याच्या मागे रोखे आहेत की नाहीत कोणी बघत नव्हतं, आणि तो पैसा दलालाच्या खात्यातून शेअर बाजारात. चौकशीला नेमलेल्या जानकीरामन समितीने 4,000 कोटींच्या आसपासचा घोळ काढला. 1863 मध्ये निदान कायदा बदलून दार उघडलं होतं, इथे दार बंदच होतं पण कुलूप लावलेलं नव्हतं.

अमेरिकेची दोन उदाहरणं शेजारी ठेवली की मला काय म्हणायचंय ते अजून स्पष्ट होतं. मार्च 2000 मध्ये नॅस्डॅक हा तिथला टेक कंपन्यांनी भरलेला निर्देशांक 5,000 च्या वर होता, ऑक्टोबर 2002 पर्यंत तो जवळजवळ 78 टक्के पडला, अफाट पैसा गेला. पण तो बराचसा लोकांनी आणि फंडांनी स्वतःचा लावलेला होता, 2001 ची मंदी आठ महिन्यांत संपली, बेकारी साडेसहा टक्क्यांच्या आतच राहिली. 2008 ला घरांचा फुगा फुटला तेव्हा प्रत्येक घरामागे कर्ज, त्या कर्जावर रोखे, त्या रोख्यांवर अजून कर्ज. 15 सप्टेंबरला लेहमन ही मोठी गुंतवणूक बँक बुडाली आणि ऑक्टोबर 2009 पर्यंत अमेरिकेतली बेकारी 10 टक्क्यांवर गेली. हाव दोन्ही वेळा तेवढीच होती.

आणि आपल्याकडे त्याच 2008 मध्ये सेन्सेक्स 21,000 वरून 8,000 च्या खाली आला, लोकांचे खूप पैसे गेले, पण एकही मोठी बँक बुडाली नाही. याचं श्रेय मी बरंचसं वाय. व्ही. रेड्डींच्या काळातल्या रिझर्व्ह बँकेला देतो. तेजी ऐन भरात असताना त्यांनी कमर्शियल रिअल इस्टेटच्या कर्जांवरचं रिस्क वेट 100 वरून आधी 125 आणि मग 150 टक्के केलं, म्हणजे असं कर्ज द्यायचं तर बँकेला स्वतःचं भांडवल जास्त बाजूला ठेवावं लागणार, आणि नुसती मोकळी जमीन घ्यायला कर्ज देणं बंद केलं. तेव्हा त्यांच्यावर टीका झाली, विकासाला खीळ घालतायत म्हणून. बांधकामवाले तर फारच नाराज होते.

आता आजचं. मुदतीच्या सौद्यांचा आजचा अवतार म्हणजे एफ अँड ओ, फ्युचर्स आणि ऑप्शन्स. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिले, तीन वर्षांत 1 कोटीहून जास्त सामान्य लोक यात उतरले, त्यातले 93 टक्के तोट्यात, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. पुढच्या एका वर्षात, 2024-25 मध्ये, अजून 1 लाख 5 हजार कोटी. यातल्या तीन चतुर्थांश लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न 5 लाखांच्या आत सांगितलेलं आहे. 5 लाखांच्या आत कमावणारा माणूस दरवर्षी असा तोटा कुठून भरतो? आमच्या ओळखीतला एक मुलगा आहे, नाशिकला कंपनीत कामाला, त्याने आधी साठवलेले घातले, मग ॲपवरून पर्सनल लोन घेतलं, दहा मिनिटांत खात्यात आले पैसे, मग दुसऱ्या ॲपवरून पहिलं फेडायला, आणि घरी कळलं तेव्हा आईच्या पाटल्या गहाण होत्या. त्याची आई मला विचारत होती, एवढं कर्ज याला दिलं कोणी, पगार तर बावीस हजार आहे. तिला कोणी अर्थशास्त्र शिकवलेलं नाही पण बरोबर तोच प्रश्न तिने विचारला. घरातले बाकीचे सगळे त्याला हावरट म्हणत होते.

नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण कर्जांचं रिस्क वेट 100 वरून 125 केलं आणि सेबीने 2024 च्या शेवटी एफ अँड ओच्या एका कॉन्ट्रॅक्टचा किमान आकार वाढवून 15 लाखांवर नेला, दर आठवड्याला मुदत संपणारे सौदे कमी केले, हे दोन्ही निर्णय मला योग्य वाटले. पण 1 ऑक्टोबर 2025 ला रिझर्व्ह बँकेने प्रस्ताव मांडला की शेअर तारण ठेवून बँकेने एका माणसाला द्यायच्या कर्जाची मर्यादा 20 लाखांवरून 1 कोटी करायची आणि आयपीओसाठीच्या, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीत अर्ज करायला घ्यायच्या, कर्जाची 10 वरून 25 लाख. कारणं दिली जातात ती मी वाचली आहेत. 20 लाखांची मर्यादा फार जुनी झाली, महागाई धरली तर ती कमी आहे, बँका नाही देणार तर लोक एनबीएफसीकडे, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपन्यांकडे, जास्त व्याजाने जातील, आणि आजच्या बँकांची देखरेख 1863 पेक्षा हजारपट चांगली आहे. शेवटचं तर पूर्ण खरं आहे, मी घाबरवायला काही सांगत नाहीये, उद्या स्टेट बँक बुडणार असं अजिबात नाही. महागाईचा मुद्दाही मान्य, मग 20 चे 40 करा, 50 करा. एकदम पाचपट कशासाठी? आणि वेळ बघा, कोविडच्या आधी देशात शेअर ठेवायची 4 कोटी डिमॅट खाती होती, आज 19 कोटींच्या वर आहेत, म्हणजे यातल्या बहुतेक लोकांनी खरी, वर्षभर रेंगाळणारी मंदी एकदाही बघितलेली नाही. अशा वेळी कर्जाचा नळ मोठा करायचा की लहान ठेवायचा?

आयपीओसाठीच्या कर्जाला तर माझा साफ विरोध आहे, कारण त्या पैशाने कारखाना उभा राहत नाही, कंपनीला पैसे तसेही मिळणार असतात, फक्त अर्जांची संख्या फुगते आणि तो फुगलेला आकडा बघून शेजारचा अर्ज करतो. शेअरवरच्या कर्जाची मर्यादा वाढवायचीच असेल तर निदान एवढं तरी करावं, तेजीत भाव जितका वर्षभराच्या सरासरीच्या वर गेला असेल तितकं तारणाचं मूल्य कमी धरावं, म्हणजे चढलेल्या भावावर परत कर्ज हे चाक फिरणार नाही. आणि बँका, एनबीएफसी आणि ब्रोकरांची मार्जिन फंडिंग (शेअर घ्यायला ब्रोकरने दिलेली उधारी) मिळून शेअरच्या तारणावर देशात किती कर्ज आहे तो एकच आकडा दर महिन्याला, मराठीसकट सगळ्या भाषांत, पहिल्या पानावर छापून यावा, जसा सेन्सेक्स येतो तसा. एखाद्या महिन्यात तो आकडा एकदम उडी मारताना दिसला तर नाशिकच्या त्या बाईलाही तो वाचता येईल आणि मुलाला वेळेत विचारता येईल.